सात लाख किलोमीटरचं इंजिन आठव्या लाखात कसं न्यायचं

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत कुणी जुना ट्रक बघायला आला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती चाललीय?" प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर अर्धवटच मिळतं. मीटर चाकांचं काम मोजतो, इंजिनाचं नाही.

साधा हिशेब करू. बंगळूर लाइनला ताशी 40 च्या सरासरीने धावणारा ट्रक 10,000 किलोमीटर करतो तेव्हा त्याचं इंजिन 250 तास चाललेलं असतं. तेवढेच किलोमीटर चाकण-शिक्रापूरच्या गर्दीत, कंपन्यांच्या गेटवर, वजनकाट्याच्या रांगेत ताशी 16 च्या सरासरीने झाले, तर तास होतात 625. मीटरवरचा आकडा सारखाच, पण दुसऱ्या गाडीचं ऑइल अडीचपट शिजलेलं. म्हणून गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीची सर्व्हिस नुसत्या किलोमीटरवर धरणं मला पटत नाही. कंपनीच्या पुस्तकात तासांचा आकडा दिलेला असेल तर तो पाळावा. नसेल तर किलोमीटरचा आकडा बराच खाली आणावा.

इंजिन झिजतं ते मुख्यतः तीन कारणांनी: आत गेलेली धूळ, हाताबाहेर गेलेली उष्णता आणि दोन धातूंमधला ऑइलचा पातळ थर तुटणं. तिन्ही गोष्टी सहसा महिनोन्महिने आधी सूचना देतात. कुणाची गाडी 1,000 किलोमीटरला थोडं ऑइल पिते आणि तशीच पाच वर्षं चालते. कुणाची एक थेंब पीत नव्हती आणि आता अर्धा लिटर मागते. काळजी करायची ती दुसऱ्या गाडीची. जुन्या इंजिनाची देखभाल म्हणजे त्या एका इंजिनाच्या नेहमीच्या सवयी माहीत असणं आणि त्यात झालेला फरक वेळेत दिसणं. त्यासाठी केबिनमध्ये एक वही लागते. ती असेल तर खाली सांगितलेल्या बहुतेक गोष्टी फुकटात होतात.

ऑइल

क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) बेरिंगच्या शेलवर, म्हणजे अर्धवर्तुळाकार पातळ पत्र्यांवर, टेकून फिरतो असं आपल्याला वाटतं. खरं तर चालू इंजिनात तो ऑइलच्या थरावर तरंगत असतो. थराची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा कितीतरी कमी. तो टिकला तर लोखंडाला लोखंड लागत नाही. डिझेल मिसळून ऑइल पातळ झालं, जुनं होऊन त्यातली रसायनं संपली किंवा पंपाचा दाब पडला की थर तुटतो आणि शेल घासायला लागतात.

डब्यावरच्या 15डब्ल्यू-40 मधला पहिला आकडा थंड ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा गरम झाल्यावर किती घट्ट राहतं ते. जुन्या इंजिनाचा दाब कमी दिसू लागला की "शेठ, जाड ऑइल टाका, काटा वर येईल" असा सल्ला हमखास मिळतो. काटा येतोही वर. पण बेरिंगमधला वाढलेला खेळ तसाच राहतो, आणि सकाळी सुरू करताना ते जाड ऑइल वरच्या रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीपर्यंत) आणि टर्बोपर्यंत (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्यापर्यंत) पोचायला उशीर लावतं. पहिल्या काही सेकंदांतली झीज आपण विकत घेतो. मी याला दुरुस्ती म्हणत नाही, काट्याची समजूत काढणं म्हणतो.

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, हाही एक पक्का गैरसमज. डिझेल इंजिनात काजळी तयार होणारच. ती चिकटू न देता अंगावर धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, त्यामुळे नवं ऑइल दोन-चार दिवसांत काळं पडतं. रंगापेक्षा पातळी बघा. पट्टीवर ऑइल कमी झालं तर सगळे घाबरतात, वाढलं तर कुणी लक्ष देत नाही. घाबरायचं वाढल्यावर. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, ऑइल आपोआप वाढत नाही. एक तर इंजेक्टर किंवा पंपाकडून डिझेल खाली येतंय, नाहीतर लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्हचा भाग) किंवा ऑइल कूलरमधून पाणी. पट्टीला डिझेलचा वास आला तर पहिलं कारण, ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर दुसरं. शंका असेल तर रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा ड्रेन प्लग सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, अगदी थोडा सैल करून बघावा. पाणी जड असल्याने तळाला बसलेलं असतं, ते आधी बाहेर येतं.

ऑइल बदलताना जुना फिल्टर फेकायच्या आधी करवतीने कापून त्याचा कागद पसरून बघावा. दहा मिनिटांचं काम आहे. लोखंडाचा चुरा लोहचुंबकाला चिकटतो. तांबूस किंवा शिशासारखे चमकणारे कण चिकटत नाहीत, ते बहुधा बेरिंगचे असतात. असे कण दिसले आणि गरम इंजिनाचा आयडलचा (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असतानाचा) दाबही वहीतल्या जुन्या आकड्यापेक्षा उतरलेला असेल, तर चेंबर खाली घेऊन शेल बघावेत. बऱ्याच ट्रकांत इंजिन चासीवरून न उतरवता शेल बदलता येतात. क्रँकला ओरखडे पडायच्या आधी हे झालं तर खर्च शेलचा, नंतर झालं तर क्रँक ग्राइंडिंगचा आणि गाडी उभी राहण्याचाही. ताफा मोठा असेल तर वापरलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणं परवडतं. त्यात लोह, तांबं, शिसं किती ते कळतंच, पण मला सर्वांत कामाचा आकडा वाटतो तो सिलिकॉनचा. सिलिकॉन वाढलं म्हणजे बाहेरची माती आत येतेय.

हवा

एक लिटर डिझेल नीट जाळायला 10,000 लिटरहून जास्त हवा लागते. म्हणजे 300 लिटरची टाकी संपेपर्यंत इंजिनाने किमान तीस लाख लिटर हवा ओढलेली असते. आता ही हवा कुठली, तर मोशी-वाघोलीकडच्या खाणी आणि क्रशरच्या रस्त्यांची, मेट्रोच्या आणि रुंदीकरणाच्या खोदकामाची. दगडाच्या भुकटीत सिलिका असते आणि ती रिंगांपेक्षा, लायनरपेक्षा कठीण. ती आत गेली की ऑइलमध्ये मिसळून घासणीचं काम करते. नवी लायनर-पिस्टन किट टाकून काही महिन्यांत पुन्हा धूर मारू लागलेली गाडी आली की बिचाऱ्या फिटरच्या हाताला दोष दिला जातो. पुष्कळदा दोष एअर फिल्टरच्या पुढच्या रबरी पाइपाचा असतो.

फिल्टर कितीही चांगला असला तरी तो आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपाला चीर असेल किंवा क्लिप सैल असेल, तर हवा सोपी वाट धरते आणि न गाळता आत जाते. तपासणी अगदी साधी आहे. पाइप सोडवून आतून स्वच्छ बोट किंवा पांढरा कपडा फिरवा. फिल्टरच्या अलीकडे धूळ असणारच. पलीकडे कपड्यावर मातीचा पट्टा आला तर त्याच दिवशी पाइप, क्लिप आणि फिल्टरची रबरी कड बघायची. हा पाइप वाकवूनही बघावा, कारण चिरा बहुतेक वेळा घडीत लपलेल्या असतात.

आता फिल्टर साफ करण्याबद्दल. टायरवर आपटून धूळ झाडणं आणि हवेच्या पिस्तुलाने जवळून पूर्ण दाबाने फुंकणं या दोन्ही सवयी घातक आहेत. आपटल्याने कड वाकडी होते आणि ती घट्ट बसत नाही. जोरात फुंकल्याने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. त्या फिल्टरमधून हवा मग मस्त जाते, गाडीही हलकी वाटते, आणि ड्रायव्हर खूश होतो! फिल्टरच्या आत दुसरा लहान, सेफ्टीचा फिल्टर असतो. तो साफ करायचा नसतोच, ठरलेल्या वेळी फक्त बदलायचा. फिल्टरच्या डब्यावरचा दर्शक लाल झाला की फिल्टर भरला असं समजावं. तोवर रोज उघडून बघायचीही गरज नाही, उलट दर उघडण्याला थोडी धूळ आत सांडते. अर्थात तो दर्शक चालू आहे ना, हे बघायला हवं. जुन्या गाड्यांत त्याची नळी केव्हाच तुटलेली असते.

सुटे भाग नाना पेठेतून घ्या नाहीतर कंपनीच्या डीलरकडून, पण फिल्टरचं पक्कं बिल घ्या आणि जुना फिल्टर भंगारात देण्याआधी ठोकून चेपून टाका. ऑइलच्या रिकाम्या डब्यांनाही भोक पाडावं. ते पुन्हा भरून कुणाच्या गाडीत जातात, हे सांगायला नको.

पाणी

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण चांगलं असेल तर आत दाब वाढतो आणि उकळबिंदू 110 अंशांच्या पुढे जातो. म्हणून झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं की गाडी चढावर "पाणी फेकते", आणि आपण पंप, रेडिएटर, गॅस्केट सगळं शोधत बसतो. आधी ते स्वस्तातलं झाकण बदलून बघावं.

कूलंट म्हणजे थंडीच्या देशातलं खूळ, आपल्याकडे साधं पाणी चालतं, असं मानणारे मालक अजून आहेत. इथली नळी गोठत नाही हे खरं, पण कूलंटचं आपल्याकडचं काम वेगळं आहे. बहुतेक मोठ्या डिझेल इंजिनांत लायनरची बाहेरची बाजू थेट पाण्यात असते. प्रत्येक स्फोटाला लायनर किंचित थरथरतो. त्या थरथरीने लगतच्या पाण्यात वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि लगेच लायनरवरच फुटतात. प्रत्येक बुडबुडा धातूचा कणभर तुकडा उडवतो. लाकडाला वाळवी लागावी तशी लायनरला बाहेरून बारीक भोकं पडत जातात आणि एक दिवस पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरतं. कूलंटमधली रसायनं लायनरवर संरक्षक थर धरतात आणि हे थांबवतात. ती हळूहळू संपतात, म्हणून हिरवं-लाल पाणी दिसतंय म्हणजे सगळं ठीक, असं नाही. मुदत झाली की पूर्ण बदलायचं.

प्रमाण कंपनीने सांगितलेलं, बहुधा निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध केलेलं पाणी. बोअरचं जड पाणी घातलं की आत क्षारांचा पांढरा थर बसतो. तो थर उष्णता अडवतो. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी दिसतो आणि हेड मात्र आतून भाजत राहतं. वेगवेगळ्या जातीची कूलंट एकमेकांत मिसळू नयेत. वाटेत नाइलाज झाला तर पाणी घाला, पण वहीत लिहा आणि घरी आल्यावर सगळं बदला.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह, काढून टाकणं हा आपल्याकडचा आवडता उपचार. गाडी गरम होते ना, मग काढा तो वॉल्व्ह. इंजिन मग नेहमीच थंड चालतं. डिझेल नीट जळत नाही, न जळलेलं डिझेल लायनरवरून ऑइलमध्ये उतरतं, रिंगा लवकर जातात, अ‍ॅव्हरेज पडतं. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा टाका, जागा रिकामी ठेवू नका.

बारामती-इंदापूरकडे उसाच्या हंगामात फिरणाऱ्या गाड्यांसाठी आणखी एक गोष्ट. रेडिएटर आणि त्याच्या पुढचा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) यांच्या मधल्या फटीत पाचट आणि धूळ साठते. समोरून पाणी मारलं की स्वच्छ दिसतं, पण मधला गाळ अधिक घट्ट होतो. शक्य असेल तिथे इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या दाबाने धुवायचं. हंगाम संपल्यावर एकदा दोन्ही वेगळे करून साफ केले तर उत्तम.

गाडी गरम झालीच तर झाकणाला हात लावू नका आणि इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. पाणी अजून आत असेल तर भार काढून आयडलवर चालू ठेवा. पाणी सगळं गेलं असेल तर लगेच बंद करा.

डिझेल, टॅपेट आणि घाट

कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात, डिझेल 1,600 बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाबाने फवारलं जातं, आणि इंजेक्टरमधल्या हलत्या भागांची फट दोन-चार मायक्रॉनची असते. त्या फटीत पाण्याचा थेंब किंवा मातीचा कण काय करेल, याचा अंदाज पंप-नोझलचं बिल भरलेल्या प्रत्येकाला आहे. वॉटर सेपरेटरच्या तळाची चकती रोज सकाळी, सुरू करण्याआधी, थोडी सोडून पाणी काढावं. पावसाळ्यात तर चुकवू नयेच. मुक्कामाला गाडी लावताना टाकी भरलेली ठेवली तर आत ओलसर हवेला जागा कमी राहते. नवा डिझेल फिल्टर बसवताना तो कॅनमधल्या डिझेलने वरून भरून लावायची पद्धत मात्र सोडावी. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळता थेट इंजेक्टरकडे जातं. फिल्टर कोरडा लावून हातपंपाने हवा काढावी, वेळ लागला तरी.

टॅपेटबद्दल थोडक्यात. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यात थोडी फट ठेवावी लागते, ती जुळवणं म्हणजे टॅपेट सेटिंग. कमिन्सच्या 5.9 लिटरच्या जुन्या इंजिनात ती थंड असताना इनटेकला 0.25 आणि एक्झॉस्टला 0.51 मिलिमीटर असते. फट वाढली की टकटक ऐकू येते, म्हणून गाडी गॅरेजला जाते. पण व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजून वर सरकला की फट कमी होते, आवाज येत नाही, उलट इंजिन छान शांत वाटतं. तो व्हॉल्व्ह मग पूर्ण मिटत नाही आणि जळतो. त्यामुळे आवाज नाही म्हणून टॅपेट सेटिंग पुढे ढकलू नये.

आपल्या भागातली गाडी घाटाशिवाय चालत नाही. बोरघाट किंवा खंबाटकी चढून आलेल्या गाडीचा टर्बो तापलेला असतो आणि त्याची दांडी मिनिटाला लाखभर फेरे घेत आलेली असते. ती तरंगते इंजिनाच्या ऑइलवरच. वर पोचून ढाब्यावर लगेच चावी फिरवली तर ऑइलचा प्रवाह थांबतो आणि आत अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतं. दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करायचं.

उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचतं, हा समज कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उताराने फार महाग केला आहे. गिअरमध्ये, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला असताना, इंजिनाला डिझेल जवळजवळ मिळतच नाही, कारण चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र आयडलसाठी डिझेल लागतं. वाचत काहीच नाही, उलट इंजिनाचा ब्रेक जातो. मात्र फार खालचा गिअर टाकून वेगाने उतरणंही इंजिनाला मारतं. चाकांनी इंजिन मर्यादेबाहेर फिरवलं तर गव्हर्नर (डिझेल कमी करून इंजिनाचा वेग आवरणारा भाग) काही करू शकत नाही, डिझेल तर आधीच बंद असतं. व्हॉल्व्ह पिस्टनला भेटायला येतात. आरपीएमच्या काट्याचा लाल पट्टा उतारासाठीही आहे.

1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांची वेगळी पथ्यं आहेत. त्यांना कमी राख होणारं, पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं, नाहीतर सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर राखेने भरतो. आणि डीईएफमध्ये (धूर शुद्ध करायला एक्झॉस्टमध्ये फवारायच्या द्रवात) 32.5 टक्के युरिया असला तरी तो शुद्ध असतो. खताचा युरिया पाण्यात कालवून टाकला की पंप, नोझल आणि कॅटॅलिस्ट तिन्ही जातात.

वहीत काय लिहायचं

तारीख, किलोमीटर, किती ऑइल वर टाकलं, किती पाणी टाकलं, गरम इंजिनाचा आयडलचा ऑइलचा दाब, टाकीमागे अ‍ॅव्हरेज, आणि चढाला तापमानाचा काटा कुठवर गेला. बस. 3,000 किलोमीटरला एक लिटर ऑइल पिणारी गाडी सलग दोन-तीन वेळा 1,200 लाच मागू लागली तर आधी गळती बघा, मग टर्बो, मग ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) किती वाफ येते ते. धुराचा रंगही लिहून ठेवावा. काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. निळा म्हणजे ऑइल. पांढरा सकाळी दोन मिनिटं असेल तर चालतं, दिवसभर असेल आणि पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे बघायचं. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर शंका आणखी पक्की होते.

इंजिन खोलायचं कधी, याचं उत्तर एका खुणेवरून देऊ नये. ऑइलचा खप वाढलाय, ब्रीदर जोरात फुंकतोय, कंप्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) सगळ्या सिलिंडरांत उतरलंय आणि सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतोय, हे सगळं एकत्र आलं तर काम ठरवून घ्यावं, आणि तेही मंदीच्या महिन्यात. एकाच सिलिंडरचं कंप्रेशन कमी असेल तर आधी त्याचा टॅपेट आणि व्हॉल्व्ह बघा, पूर्ण किटचा खर्च वाचू शकतो. आणि इंजिन उघडलंच, तर हवेचे रबरी पाइप, क्लिपा, रेडिएटरचं झाकण आणि थर्मोस्टॅट त्याच बिलात नवे टाकून घ्या. एकूण खर्चात ते कळतही नाहीत.